गुळव्या बांधापलीकडे गेला

नातेपुत्याहून माळशिरसच्या वाटेला लागलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस दिसतो. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा हा ऊस बहुतेक कारखान्यालाच जातो. पण तोडणीची टोळी वेळेवर येत नाही, उसाला तुरे फुटतात, वजन घटतं, आणि त्या वैतागातून कुणी कुणी गुऱ्हाळ घालतं. अशी दोन गुऱ्हाळं एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड होती. अल्याडचं अण्णांचं, पल्याडचं आप्पांचं. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली आणि पाळीवरून होणारं वर्षाचं भांडणही ठरलेलं.

अण्णांचा धाकटा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला, कुरकुंभच्या एमआयडीसीत काही दिवस रात्रपाळ्या केल्या आणि कंटाळून घरी आला. घरी आल्यावर त्यानं गुऱ्हाळात लक्ष घातलं. बाजाराला गूळ पिवळाधमक लागतो. तो रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर टाकायची रीत पडली आहे. म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. रंग उडवायचं काम ते चोख करतं, पण गंधकाचा अंश गुळात उरतो आणि ठेवणीत ढेप पुन्हा काळवंडते. धाकट्याला ही पावडर बंद करायची होती.

तो वही घेऊन काहिलीशी उभा राहू लागला. गुळव्या होते शेजारच्या वाडीचे, वयानं अण्णांच्या बरोबरीचे. सगळे त्यांना गुळवे मामा म्हणायचे. रस तापला की मळी वर येते. मग चुन्याची निवळी घालायची, भेंडीची झाडं ठेचून काढलेला चिकट रस सोडायचा, तो मळीला धरून वर आणतो, आणि झाऱ्यानं ती काढून टाकायची. चुना कमी पडला तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाला तर लालभडक होतो. धाकट्यानं पीएचचे कागद आणले. उसाचा ताजा रस पाचाच्या थोडा वर निघायचा. चुना एकदम न घालता दोन हप्त्यांत घातला, सहाच्या जरा पुढं नेऊन थांबवला आणि भेंडीचा रस दोन्हींच्या मध्ये सोडला, तर मळी दाट सुटते आणि पाक स्वच्छ राहतो, हे त्याच्या ध्यानात आलं. शेवटाला थर्मामीटर ११८ च्या आसपास गेला की काहील उतरायची. गुळवे मामा तो क्षण पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून, त्याची गोळी बोटांत दाबून ओळखायचे. दोघांचं एका मिनिटाचंही अंतर पडायचं नाही. मामांना जे हातानं कळत होतं ते पोरानं आकड्यात आणलं. श्रेय दोघांचं, असं माझं मत. वहीवर नाव मात्र एकाचंच होतं.

हायड्रॉसविना पिवळा गूळ निघाला. पुण्याच्या एका दुकानानं चढा भाव दिला. आणि त्याच आठवड्यात काहिलीभोवती ताडपत्री बांधली गेली.

आप्पांचा माणूस विस्तव मागायला आला तरी आता त्याला बाहेर थांबवायचे. धाकट्यानं पेटंटसाठी पुण्यात चौकशी केली. फक्त पद्धतीवर हक्क त्याला पुरेसा वाटेना. ‘हायड्रॉसविना पिवळा गूळ’ या वस्तूवरच त्याला मालकी हवी होती. कुणी कसाही केला तरी तो आपलाच. अण्णा कुरकुरले तेव्हा त्यानं एक तक्ता काढून पुढं ठेवला. एका रकान्यात भारत, दुसऱ्यात शेजारचा चीन. दोन्हीकडची पेटंटं कुणाची, परक्यांची की घरच्यांची, असा हिशेब. चीनचा पेटंट कायदा १९८५ च्या एप्रिलपासूनचा, रसायनं आणि औषधं या वस्तूंना तिथं १९९३ पासून पेटंट मिळू लागलं. २०२३ सालात चीनमध्ये सोळा लाखांवर अर्ज आले, दहातले नऊ चिन्यांचेच. भारतात नव्वद हजारांच्या आसपास, आणि त्यांत घरच्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला तो आत्ता कुठं.

“आपण मागं का, ते यात हाय,” धाकटा म्हणाला. “आपली माणसं शोध लावत्यात आन् वाऱ्यावर सोडत्यात.”

अण्णा तक्त्याकडं बघत राहिले. त्यांना पुण्याच्या फीचा आकडा तेवढा कळला होता.

माघ सरता सरता भेंडीची झाडं मिळेनाशी झाली. गुळवे मामा म्हणाले, “भुईमुगाचं दूध घालून बघू. शेंगदाणं भिजवून वाटायचं, पिळून घ्यायचं. माझा बाप करायचा. मळी धरतंय ते बी.”

“नाही मामा. वहीत आहे तसंच करायचं. त्यात बदल केला तर अर्जात घोळ होईल.”

“आरं, पण भेंडीच न्हाई तर?”

“आणू कुठूनतरी.”

भेंडी चार गावं फिरून आणली, वाळकी निघाली, दोन आदणं लालसर उतरली. मामांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा धाकट्यानं त्यांना एक कागद दिला. गुऱ्हाळातली रीत बाहेर कुणाला सांगणार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली अंगठ्याची जागा होती. मामांना सही येत होती. त्यांनी कागद घडी करून चुलवाणाच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्या रात्रीचं आदण पुरं करून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते बांध ओलांडून आप्पांच्या काहिलीवर उभे होते. पंधरवड्यात आप्पांचा गूळही पिवळा निघाला, हायड्रॉसविना. भुईमुगाच्या दुधावर.

धाकटा संतापला. पोलिसात जातो म्हणाला, वकिलाकडं जातो म्हणाला. अण्णांनी त्याला हायस्कुलातून निवृत्त झालेल्या सरांकडं नेलं. सरांनी त्याला आठवीत विज्ञान शिकवलं होतं आणि पालखीच्या मुक्कामाला गावात आलेल्या वारकऱ्यांनाही ते पाण्यात तुरटी का फिरवायची ते समजावून सांगायचे. एवढ्यावरून सरांचा स्वभाव कळावा.

सरांनी तक्ता नीट वाचला. मग म्हणाले, “दोन शेजारी देश घेतलेस ते बरं केलंस. मी तुला दुसरे दोन सांगतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड. रसायनाच्या पेटंटात फ्रान्सच्या पदरी सगळं, स्वित्झर्लंडच्या पदरी काही नाही. साल १८५९.”

फ्रान्समध्ये लिऑन हे रेशमाचं गाव. तिथं व्हेर्गँ नावाच्या रसायनज्ञानं ॲनिलिन आणि कथलाचं क्लोराइड एकत्र तापवलं आणि किरमिजी लाल रंग मिळाला. असा झळाळता लाल रेशमावर तोवर चढला नव्हता. शोध रनार बंधूंच्या पेढीकडं गेला, त्यांनी एप्रिल १८५९ मध्ये पेटंट घेतलं. रंगाचं नाव फुक्सीन. फ्रान्सचा कायदा १८४४ चा. त्याखाली पेटंट वस्तूवरच मिळत असे. लवकरच मुलूझच्या गर्बर-केलरनं तोच रंग पाऱ्याच्या नायट्रेटनं करून दाखवला. वाट वेगळी, मुक्काम तोच. रनार कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, कशानंही करा, रंग रनारांचा.

“बरोबरच आहे की,” धाकटा म्हणाला.

“पुढं ऐक. ॲनिलिनला आर्सेनिक ॲसिड लावलं की रंग जास्त उतरतो आणि स्वस्त पडतो, हे वर्षभरात कळलं. पण फ्रान्समध्ये ज्याला ही सुधारणा सुचेल त्यानं करायचं काय? मालाचा मालक दुसरा. मग लिऑनची, मुलूझची हुशार माणसं उठली आणि सीमेपलीकडं बाझलला गेली. बाझल ऱ्हाइनच्या काठावर, फ्रान्सच्या वेशीलाच लागून. तिथं पेटंटचा कायदाच नव्हता. अलेक्झांडर क्लाव्हेल मूळचा लिऑनचा, बाझलला रेशीम रंगवायचा. त्यानं १८५९ सालीच फुक्सीन करायला घेतलं. तिथलंच गायगी घराणं, शंभर वर्षं औषधी-मसाल्यांचा व्यापार करणारं, तेही पाठोपाठ उतरलं.”

रनारांचा धंदा पुढं १८६३ मध्ये मोठ्या भांडवलाच्या कंपनीत गेला, कंपनीचं नावच ‘ला फुक्सीन’. सगळा लाल रंग एका मुठीत. पाच वर्षांत, १८६८ मध्ये ती बुडाली. खटले जिंकता जिंकता तिच्याकडं नवीन काही उरलं नव्हतं, आणि सीमेपलीकडचा रंग स्वस्त होता.

“म्हणजे चोरी करून मोठं व्हायचं?” धाकट्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि सरांनी तो उडवून लावला नाही हे मला आवडलं.

“चोरी म्हणायची तर म्हण. आणि बाझलचे लोक काही संत नव्हते. १८६४ मध्ये एका कारखान्याचं आर्सेनिक जमिनीत मुरून शेजारच्या विहिरींत उतरलं, माणसं आजारी पडली, कारखानदाराला भरपाई द्यावी लागली. मी त्यांची आरती ओवाळत नाही. मी विचारतोय, लिऑननं काय गमावलं? पेटंट तर शेवटपर्यंत त्यांचंच होतं.”

धाकटा गप्प.

“माणसं गमावली,” अण्णा म्हणाले. सरांनी त्यांच्याकडं बघून मान हलवली.

मग सरांनी तिसरा शेजारी आणला, जर्मनी. त्यांनी १८७७ मध्ये कायदा केला आणि रसायनात एक खाच ठेवली. पदार्थावर पेटंट नाही, तो करण्याच्या पद्धतीवर. त्यामुळं दुसऱ्याला तोच रंग दुसऱ्या वाटेनं करता येई, आणि वाट शोधण्यासाठी कंपन्या रसायनज्ञ नोकरीला ठेवू लागल्या. बीएएसएफनं १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि आपल्या बिहार-बंगालच्या निळीचा धंदा काही वर्षांतच झोपला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जगातले बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीतून येत. दुसरा नंबर स्वित्झर्लंडचा. फ्रान्सचं नाव खूप खाली. स्वित्झर्लंडचा १८८८ चा पेटंट कायदाही असा बेतलेला होता की ज्याचा नमुना मांडून दाखवता येईल त्यालाच पेटंट, म्हणजे रसायन आपोआप बाहेर. जर्मनीनं आयात कराचा बडगा दाखवला तेव्हा १९०७ मध्ये त्यांनी रसायनाच्या पद्धतींना पेटंट दिलं. तोवर बाझलच्या कंपन्यांकडं जपण्यासारखं स्वतःचं पुष्कळ जमलं होतं.

“क्लाव्हेलच्या धंद्याची पुढं सीबा झाली. गायगी आणि सीबा १९७० मध्ये एक झाल्या, १९९६ मध्ये सँडोझ मिळून नोव्हार्टिस. डीडीटी किडे मारतं हे १९३९ मध्ये गायगीतल्या म्युलरनंच शोधलं. आणि कॅन्सरच्या ग्लिव्हेक गोळीचं पेटंट मागत हीच नोव्हार्टिस आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १ एप्रिल २०१३ ला कोर्टानं नाही म्हटलं. दुसऱ्याचा रंग करून जिचा जन्म झाला ती कंपनी शंभर-दीडशे वर्षांनी कुंपणाच्या आत उभी राहून बोलत होती. याला वाईट-चांगलं काय म्हणायचं ते तू ठरव. नोव्हार्टिसचा शेतीचा भाग वेगळा निघून २००० मध्ये सिंजेन्टा झाली. फवारणीचं औषध आणतोस ना, ती. तिची मालकी २०१७ पासून चिनी सरकारी कंपनीकडं आहे. तुझ्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसवशील?”

धाकट्यानं तक्ता जवळ ओढून घेतला.

इथं मला मध्येच बोलायचं आहे. पेटंटांचे असे तक्ते आजकाल सगळीकडं दिसतात आणि वाचणाऱ्याचा ऊर कधी भरून येतो, कधी दडपतो. मालक किती आणि कुठले, हे त्यात असतं. त्या पेटंटांतून माल किती झाला, हे नसतं. आपल्याकडं हा प्रश्न फार आधी विचारला गेला आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला अहवाल दिला. भारतातली ऐंशी ते नव्वद टक्के पेटंटं परदेशी लोकांची होती आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेटंटांवर इथं एक वस्तूही बनत नव्हती. कुंपण घातलेलं, आत पीक नाही. त्यावरून १९७० चा कायदा झाला, १९७२ मध्ये लागू झाला. अन्न, औषध आणि रसायनांत पेटंट फक्त पद्धतीला, वस्तूला नाही. मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्या त्या खाचेतून वाढल्या. जागतिक व्यापार करारामुळं २००५ पासून वस्तूलाही पेटंट द्यावं लागलं, पण तोवर आपल्याकडंही वाटा शोधणारे हात तयार होते. स्वित्झर्लंडनं औषधाच्या पदार्थाला पेटंट दिलं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीला, हेही लक्षात असू द्यावं.

सरांकडं परत येतो.

“तुमच्या उसात खोडकिडीला काय सोडता?” सरांनी अण्णांना विचारलं.

“कोराजन. एकरी दीडशे मिली. म्हाग व्हतं, पन गुण येतो.”

“होतं म्हणालात. आता?”

“आता त्योच घटक दुसऱ्या कंपन्यांचा बी मिळतोय. स्वस्तात.”

“क्लोरँट्रानिलिप्रोल,” सर म्हणाले. “शोध डुपाँटचा, पुढं एफएमसीकडं आला. पदार्थावरचं भारतातलं पेटंट ऑगस्ट २०२२ मध्ये संपलं. पण करण्याच्या पद्धतीवरचं पेटंट चालूच होतं. हैदराबादच्या नॅटकोनं दुसरी वाट काढली. एफएमसीच्या पद्धतीत सल्फोनिल क्लोराइड, नॅटकोच्या पद्धतीत थायोनिल क्लोराइड. एफएमसी दिल्ली हायकोर्टात गेली. कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं, ही वाट वेगळी आहे. गर्बर-केलरला फ्रान्समध्ये जे मिळालं नाही ते नॅटकोला इथं मिळालं. आणि अण्णांना बाटली स्वस्त मिळाली.”

धाकट्याचा चेहरा बदलला होता, पण त्याचं मन मानायला तयार नव्हतं. “पण सर, एफएमसीला, डुपाँटला वीस वर्षं मिळाली ना? त्यांनी पैसा घातला, मिळवला. मला काहीच नको म्हणता? मी रात्री जागलोय त्या काहिलीवर.”

“कोण म्हणतं नको? त्यांनी नवीन पदार्थ शोधला. तू गूळ शोधलास का? भेंडीचा रस तुझ्या पणजीच्या काळातला. परंपरेनं आलेल्या ज्ञानाला आपला कायदा पेटंट देत नाही. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या माणसांनी १९९५ मध्ये पेटंट मिळवलं होतं. आपल्या माशेलकरांनी सीएसआयआरतर्फे जुने ग्रंथ पुढं ठेवून ते आव्हानलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं. तेव्हा आपल्याकडं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही? मग आता गुळावर ताडपत्री कशी बांधता?”

“पण दोन हप्त्यांत चुना माझा आहे.”

“तो तुझा. तेवढ्यावर अर्ज करून बघ, मिळाला तर घे, मी पेढे वाटेन. पण ‘पिवळा गूळ कुणीच करायचा नाही’ असं म्हणू नकोस. आणि मला एक सांग. भुईमुगाचं दूध तुझ्या काहिलीत का नाही पडलं?”

या प्रश्नाला धाकट्याकडं उत्तर होतं, पण ते वडिलांसमोर देववेना. येताना मोटारसायकलवर दोघं बोलले नाहीत. घरी आल्यावर अण्णांनी चुलवाणाच्या कट्ट्यावरचा तो घडीचा कागद उचलला आणि चिपाडांबरोबर आत सारला. धाकट्यानं पाहिलं, अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो बांध ओलांडून गेला. आप्पांच्या गुऱ्हाळाला ताडपत्री नव्हतीच. गुळवे मामा झाऱ्यानं मळी काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. धाकटा बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं खिशातून पीएचचा कागद काढला, मामांनी विचारलं नसताना रसात बुडवला आणि दाखवला.

“चुना जरा जास्त झालाय, मामा.”

“म्हाईत हाय. दूध पडलं की उतरतंय बघ ते.”

दूध पडलं. धाकट्यानं पुन्हा कागद बुडवला. आकडा खरोखरच उतरला होता. त्यानं ते वहीत मांडलं, आणि समोर पहिल्यांदाच दुसऱ्याचं नाव लिहिलं.

वस्तूवरच्या पेटंटाचा अर्ज त्यानं केला नाही. त्याऐवजी ढेपेवरच्या स्वतःच्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला आणि प्रयोगशाळेतून गंधकाची तपासणी करून दाखला आणला. आप्पांनी स्वतःच्या नावाचा वेगळा शिक्का केला. यंदा दोन्ही गुऱ्हाळांचा माल एकाच टेम्पोतून पुण्याला जातो आणि भाड्याचे पैसे निम्मे निम्मे होतात. पाण्याच्या पाळीचं भांडण तेवढं चालू आहे. गुळवे मामांना धाकट्यानं तीनदा परत बोलावलं, पगार वाढवून देतो म्हणाला. ते आले नाहीत. आप्पांनी त्यांना पुढच्या दोन हंगामांची उचल आधीच देऊन ठेवली आहे.